ठोसा समेवर पडतो तेव्हा

वाचकांचे प्रश्न : हाँगकाँगचे जुने कुंग फू पट

गेल्या अंकात या विषयावर प्रश्न मागवले होते. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत, लांबलचक पत्रं थोडी आवरली आहेत.

प्रश्न : नवे, खर्चिक मारधाडपट मुलं अर्ध्यात बंद करतात. चीनमधल्या शाओलिन मठावरचा एखादा जुना, रंग विटलेला पिक्चर लागला तर शेवटपर्यंत हलत नाहीत. कथा दरवेळी तीच : गुरूला मारलं, शिष्याने सूड घेतला. मग यात एवढं आहे तरी काय? (सातारा)

कथा तीच असते, हे कबूल. यमनमधली चीज तीच असली तरी आपण गाणाऱ्याला ऐकायला जातो, तसं इथे लढणाऱ्याला बघायला बसायचं. आणि बघायचं म्हणजे तो आधी नीट दिसायला हवा. जुन्या पटांची अर्धी जादू एवढ्यातच आहे.

शॉ ब्रदर्स कंपनीने क्लिअरवॉटर बे इथल्या आपल्या स्टुडिओत साठ-सत्तरच्या दशकांत जे लढाऊ पट काढले, त्यांची चौकट रुंद असे, उंचीच्या २.३५ पट. या चौकटीत दोन लढवय्ये डोक्यापासून पावलांपर्यंत मावतात आणि त्यांच्यामधली मोकळी जागाही दिसते. लढतीत खरी गंमत त्या जागेतच असते. कोण किती सरकला, कुणी हूल दिली, कुणाचा पवित्रा ढळला हे सगळं तिथे वाचता येतं. लाऊ कार-लेउंगसारखा दिग्दर्शक पंधरा-वीस डावांची साखळी एका शॉटमध्ये ठेवू शकायचा, कारण त्याचे नट ते डाव करू शकत होते. ज्या नटाला दोन महिन्यांत घाईने शिकवलं आहे, त्याची लढत दीड-दीड सेकंदाच्या तुकड्यांत कापावी लागते, कॅमेरा हलता ठेवावा लागतो. डोळ्याला धक्के बसतात, पण झालं काय ते कळत नाही. मुलं कंटाळतात ती इथे.

हे नट आले कुठून? बरेचसे चिनी संगीत नाटकाच्या, म्हणजे पेकिंग ऑपेराच्या तालमीतून. जॅकी चॅन, समो हंग, यूएन ब्याव हे तिघेही यू जिम-यूएन या गुरूंच्या हाँगकाँगमधल्या शाळेत वाढले. पहाटेपासून कोलांट्या, हातांवर उभं राहणं, शस्त्रं, गाणं आणि चुकलं की वेताची छडी. जॅकी सातव्या वर्षी तिथे गेला आणि दहा वर्षं राहिला. पोरांना असं राबवणं योग्य होतं असं कुणी म्हणू नये, पण पडद्यावर दिसणारं शरीर त्यातून घडलं, हेही नाकारता येत नाही.

ऑपेरातून आणखी एक गोष्ट आली, ती म्हणजे ठेका. रंगमंचावरची लढत ढोल, झांजा आणि घंटेच्या तालावर बसवलेली असते. डावांची एक लड झाली की नट क्षणभर ठाम उभा राहतो, मान झटकून प्रेक्षकांकडे रोखून बघतो. या थांबण्याला चिनी भाषेत ‘लियांगशियांग’ म्हणतात. पडद्यावरच्या लढतीतही तेच होतं : चार-सहा डावांची लड, अर्धा श्वास थांबा, पुन्हा लड. तबल्याच्या तुकड्यात तिहाई घेऊन सम गाठावी, तसं. थांबा नसेल तर वेगाला अर्थ उरत नाही. एखाद्या लढतीच्या वेळी आवाज बंद करून नुसती टाळी देऊन बघा, समेची जागा आपोआप सापडेल.

यात शिकण्याची दृश्यं धरलेलीच नाहीत. १९७८ च्या ‘थर्टीसिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’मध्ये पटाचा मोठा हिस्सा नुसता शिक्षणात जातो. दोन्ही हात आडवे ताणून पाण्याच्या बादल्या वाहायच्या, दंडांना पाती बांधलेली, हात खाली आला की पातं बरगडीत. लांब बांबूच्या टोकाला लावलेल्या हातोड्याने घंटा वाजवायची, म्हणजे मनगट पक्कं होतं. एरवी सामान्य प्रेक्षकाला पोटऱ्या, मनगट, नजर यांचं लढतीतलं काम समजत नाही. इथे तो नायकाबरोबर धडे घेतो, आणि शेवटच्या लढतीत एखादा डाव आला की त्याला तो ओळखीचा वाटतो. या पटाचा नायक गॉर्डन लिऊ तुम्ही पाहिलाही असेल. २००९ च्या ‘चांदनी चौक टू चायना’तला खलनायक होजो तोच.

प्रश्न : लढती फास्ट करून दाखवतात असं ऐकलं. ही फसवणूकच नाही का? (अकोला)

करतात, आणि प्रमाण सांभाळलं तर ते स्वयंपाकातल्या मिठासारखं आहे. फिल्म पडद्यावर सेकंदाला २४ चौकटींनी धावते. कॅमेऱ्यात २२ चौकटींनी चित्रण केलं तर पडद्यावर हालचाल साधारण ९ टक्के वेगवान दिसते. २० ने केलं तर २० टक्के. २२ वर सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. २० वर जाणकार ओळखतो, आणि त्याच्या खाली गेलात की जुने मूकपट आठवायला लागतात.

ओळखायचं कसं? हातपायांकडे बघू नका, ते चपळ असू शकतात. खाली पडणाऱ्या गोष्टींकडे बघा. उडालेली धूळ, झग्याचा घोळ, मोकळे केस, फुटलेल्या मडक्याच्या खापऱ्या. माणूस वेगाने हलू शकतो, गुरुत्वाकर्षण नाही. खापऱ्या घाईघाईने जमिनीवर आल्या की समजा, कॅमेरा हळू फिरवला होता.

उलट बाजूही आहे. खरोखर वेगवान ठोसा सेकंदाच्या दहाव्या भागात संपतो, म्हणजे जेमतेम दोन-तीन चौकटींत. प्रेक्षकाला फक्त एक धूसर पट्टा दिसेल. म्हणून चांगला लढवय्या पडद्यासाठी डाव मोठा करतो, हात आधी थोडा मागे नेतो, फटका पोहोचल्यावर क्षणभर तिथेच ठेवतो. ब्रूस लीचं थोडं वेगळं. त्याचा फटका दिसतो, कारण फटक्याच्या आधी तो अजिबात हलत नाही.

प्रश्न : संवाद आणि ओठ कधीच जुळत नाहीत, आणि हात नुसता फिरवला तरी ‘सप्प’ आवाज येतो. असं का? (पणजी)

कारण बहुतेक पट मुके चित्रित व्हायचे. शूटिंगच्या वेळी ध्वनिमुद्रण नाही, सगळे आवाज नंतर स्टुडिओत भरायचे. यात बराच फायदा होता. सेटवर एक नट मँडरिन बोले, दुसरा कँटोनीज, तिसरा इंग्रजी, तरी काम अडत नसे. दिग्दर्शक शॉट चालू असताना ओरडून डाव सांगू शके. विमानाच्या घरघरीने शॉट वाया जात नसे. आणि एकच चित्रण प्रत्येक बाजारपेठेसाठी त्या-त्या भाषेत विकता येई. त्यामुळे मूळ भाषेतली प्रतही डबच असते. ‘मूळ आवाजात बघतो’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. १९७३ च्या ‘एंटर द ड्रॅगन’मध्ये ब्रूस लीचा इंग्रजी आवाज त्याचा स्वतःचा आहे, पण खलनायक हान झालेल्या शिह किएनचा नाही. तो की ल्यूक या अमेरिकी नटाने दिला.

‘सप्प’चं काम वेगळं आहे. मुक्या चित्रणात फटक्याला वजन नसतं, ते आवाज देतो. झटका बसण्याआधीचा हवेचा आवाज डोळ्याला सांगतो की आता बघ, आणि बसल्यावरचा आवाज सांगतो की संपलं. अभ्यास म्हणून एक लढत आवाज बंद करून बघा, मारामारी निम्मी हलकी होते. आपल्याकडच्या ‘ढिशुम’ला हसायचं कारण नाही, तोही त्याच गरजेतून आला.

प्रश्न : मार खरा लागत असे का? (नाशिक)

चेहऱ्यावर सहसा नाही, अंगावर बऱ्याचदा हो. पोटावर, छातीवर, दंडावर हलका स्पर्श होऊ देत, कारण कपडा दबला की फटका खरा वाटतो. कपड्यांवर बारीक पावडर भुरभुरवून ठेवण्याची युक्तीही जुनी आहे. हात लागला की पांढरा धुरळा उठतो आणि फटक्याची जागा लांबूनही दिसते. संकलनात आणखी एक कसब असतं. फटका आधी लांबून दाखवायचा, मग जवळच्या शॉटवर येताना दोन-तीन चौकटी मागून सुरुवात करायची, म्हणजे तोच फटका कणभर पुन्हा दिसतो. मेंदू ते दोन फटके मोजत नाही, एकच पण जड मोजतो.

पडण्यासाठी रिकामी पुठ्ठ्याची खोकी थरावर थर रचून वर गादी टाकत. खोकं चेपताना हवा बाहेर पडते आणि वेग हळूहळू मरतो. घट्ट भरलेलं किंवा सगळीकडून चिकटपट्टीने बंद केलेलं खोकं मात्र उसळी देतं, आणि घोटा तिथेच मुरगळतो.

जॅकी चॅनचं गणित वेगळं. १९८३ च्या ‘प्रोजेक्ट ए’मध्ये तो घड्याळाच्या मनोऱ्यावरून खाली येतो, मध्ये दोन कापडी छत फाडत. पडण्याचे एकाहून अधिक प्रयत्न पटातच दाखवले आहेत. १९८५ च्या ‘पोलिस स्टोरी’त मॉलमधल्या दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या खांबावरून तो घसरत आला तेव्हा हाताचे तळवे भाजले. पुढच्याच वर्षी ‘आर्मर ऑफ गॉड’च्या वेळी युगोस्लाव्हियात झाडावरून पडून कवटीला मोड आला, मेंदूची शस्त्रक्रिया करावी लागली. ती उडी त्याच्या बाकीच्या करामतींच्या मानाने साधी होती. साध्या उडीलाच लोक गाफील असतात. हे सारं बघताना थरार वाटतो, पण जीव धोक्यात घालणं ही या कलेची अट नव्हे. लाऊ कार-लेउंगच्या उत्तम लढतींत कुणी कशावरून पडत नाही आणि तरी डोळा हटत नाही.

प्रश्न : बायकांना या पटांत फक्त पळवून न्यायला ठेवलेलं असतं का? (डोंबिवली)

याबाबतीत हाँगकाँग बऱ्याच जणांच्या पुढे होतं. दिग्दर्शक किंग हू यांच्या १९६६ च्या ‘कम ड्रिंक विथ मी’ची नायिका चेंग पेई-पेई खानावळीत एकटी बसते आणि भोवती गुंड जमतात. त्या दृश्यात ती जवळजवळ हलतच नाही, आणि म्हणूनच ते पुन्हा पुन्हा बघावंसं वाटतं. तिचं शिक्षण कुंग फूचं नव्हतं, बॅलेचं होतं. मान, खांदे, पाऊल टाकण्याची शिस्त तिथली. २००० च्या ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’मध्ये खलनायिका जेड फॉक्स तीच. मिशेल योसुद्धा बॅलेतूनच आली. अँजेला माओ मात्र ऑपेराच्या तालमीत वाढलेली. ‘एंटर द ड्रॅगन’मध्ये नायकाची बहीण झाली आहे. आणि १९८२ साली हाँगकाँग फिल्म अवॉर्ड्स सुरू झाले तेव्हा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पहिलाच पुरस्कार गेला कारा हुईला, ‘माय यंग आंटी’ या कुंग फू विनोदी पटासाठी. मारधाडपटातल्या कामाला अभिनयाचा पुरस्कार, हे आजही सहज होत नाही.

प्रश्न : भिंतीवर उडी मारून चढतात ते तारेने की आणखी कशाने? (अहिल्यानगर)

तीन-चार युक्त्या आहेत आणि डोळा बसला की प्रत्येक ओळखता येते. उलटं चित्रण सगळ्यात स्वस्त : नट भिंतीवरून खाली उडी मारतो आणि फिल्म उलटी चालवतात. उडी घेण्याआधीच झग्याचा घेर वर उडालेला दिसला तर समजा ती हीच. दुसरी लपवलेल्या ट्रॅम्पोलिनची. किंग हू आणि त्यांचे लढत-दिग्दर्शक हान यिंगजिए यांनी ‘अ टच ऑफ झेन’च्या बांबूच्या वनातली लढत यावरच उभी केली आणि उडीचे तीन-चार अगदी तोकडे तुकडे जोडले : पाय सुटला, हवेत, जमिनीवर. मधलं डोळा स्वतः भरतो. १९७५ साली कानच्या महोत्सवात त्या पटाला तांत्रिक कामगिरीचा मोठा पुरस्कार मिळाला. ट्रॅम्पोलिनवर उडणाऱ्याची खूण म्हणजे तो पुरेसे गुडघे न वाकवताच वर जातो.

तारेवरचा माणूस कमरेपासून उचलला जातो. कंबर आधी वर जाते, पाय मागे लोंबतात, आणि ते लोंबणं लपवण्यासाठी नट हवेत धावतो. चांगली माणसं ओढणारी असली तर उतरताना वेग शेवटच्या हातभर अंतरात कमी होतो. घाई झाली तर माणूस पोत्यासारखा टेकतो.

प्रश्न : आमच्या तालमीत मुलं लाठीकाठी आणि पट्टा चांगला फिरवतात. मोबाइलवर लढत शूट केली तर ती खोटी वाटते. काठ्या एकमेकांना लागतच नाहीत असं दिसतं. काय चुकतंय? (कोल्हापूर)

बहुतेक वेळा कॅमेऱ्याची जागा चुकते. मर्दानी खेळ बघणारे चारी बाजूंनी उभे असतात, मोबाइल एकाच बाजूला असतो.

तुम्ही बहुधा जवळ उभं राहून बाजूने चित्रण करता. बाजूने बघताना काठी आणि अंग यांमधली फट उघडी पडते. फटका कॅमेऱ्याच्या दिशेने किंवा त्याच्यापासून दूर जाईल अशी जागा घ्या. मारणाऱ्याच्या खांद्यामागून, किंवा ज्याला लागायचा त्याच्या खांद्यामागून. तिथून हातभर फट दिसत नाही. दुसरं, मोबाइल आठ फुटांवरून रुंद लेन्सवर धरू नका. पंधरा-वीस फूट मागे जा आणि दुपटीची लेन्स वापरा, म्हणजे अंतरं दबतात आणि काठ्या एकमेकांना भिडल्यासारख्या दिसतात. मोबाइल आडवा, उंची कंबर ते छातीच्या मध्ये, आणि पावलं कापायची नाहीत. डोक्यावर मात्र काठीभर जागा सोडा, नाहीतर वरून येणारा फटका चौकटीबाहेरच सुरू होतो.

मागे काय आहे ते बघा. पांढरे कपडे आणि चुन्याची भिंत असेल तर हात गायब होतात. गडद दगडी भिंत किंवा झाडी उत्तम.

आता बसवणी. एका शॉटला पाच ते सात डाव पुरे, शेवटचा थांब्याचा. आधी पाव गतीने, मोजत. मग अर्ध्या. मग पाऊण. चित्रण पाऊण-ऐंशी टक्के गतीवरच करा. पूर्ण जोशात गेलं की मुलं डाव गिळतात आणि अंतराचा अंदाज सुटतो. कॅमेरा सेकंदाला २५ चौकटींवर आणि शटर ५० व्या भागावर ठेवलंत तर आपल्याकडच्या विजेच्या दिव्यांचा लुकलुकाट टळतो. मग संकलनाच्या ॲपमध्ये वेग १.१ पट करा. १.१५ च्या वर जाऊ नका, धोतराचा सोगा चुगली करेल.

प्रत्युत्तराची वेळ हा सगळ्यांचा कच्चा दुवा. मार खाणारा काठी पोहोचण्याआधीच मान वळवतो, कारण त्याला डाव पाठ असतो. त्याला काठीकडे बघायला सांगू नका, समोरच्याच्या छातीकडे बघायला सांगा, आणि काठी ठरलेल्या जागी आल्यावरच हलू द्या. आधी मान, मग खांदा, मग पाऊल. सगळं एकदम हललं की नाटकी वाटतं.

तुमच्याकडे हलगी-घुमकं असेलच. तालीम त्याच्यावर करा. समेवर मुख्य फटका, खालीच्या मात्रेवर सरकणं. मुलांना आकडे मोजून जे जमत नाही ते ठेक्यावर चटकन बसतं. ऑपेराच्या पोरांनीही हेच केलं.

काठ्या चित्रणासाठी वेताच्या, हलक्या घ्या आणि प्रत्येक शॉटनंतर बोटाने चाचपा. बांबूची काठी उभी चिरते, आणि चीर दिसायच्या आत तिचा कूस हातात गेलेला असतो. पाठीवर-खांद्यावर चाळलेली मुलतानी माती भुरभुरवा, रांगोळी नको, ती डोळ्यांत गेली तर बुबुळ खरवडते. पट्टा मात्र समोर माणूस ठेवून जवळून चालवू नका. पोलादी खोबणीत हात अडकलेला असतो, मनगट वळत नाही, पातं लवतं. ऐन वेळी तो थांबवता येत नाही. एकट्याला लांबून, पूर्ण चक्रात चित्रित करा. तसाही पट्टा त्यातच शोभतो.

आवाज वेगळा घ्या. बंद खोलीत भोवती गोधड्या टांगा, मोबाइल फूटभर अंतरावर ठेवा आणि दोन बांबू एकमेकांवर आपटा. हवेच्या आवाजासाठी पातळ वेत मोबाइलच्या बाजूने फिरवा, त्याच्या थेट दिशेने नको, नाहीतर नुसती फरफर येते.

प्रश्न : हे पट आज बघायचे तर कोणती प्रत चांगली? (नागपूर)

रुंद चौकटीची, काहीही झालं तरी. टीव्हीच्या जुन्या चौकोनी आकारात कापलेल्या प्रतीत चित्राचा सुमारे ४३ टक्के भाग जातो, म्हणजे बऱ्याचदा दोघांतला एक लढवय्याच. मग ठोसा येतो तो भिंतीतून. २००० च्या सुमारास शॉ ब्रदर्सचा संग्रह सेलेस्टियल पिक्चर्सने घेतला आणि ७०० हून जास्त पट टप्प्याटप्प्याने डागडुजी करून आणले. चित्र स्वच्छ आहे. काही प्रतींत आवाज मात्र नव्याने भरलेले आहेत, पर्याय असेल तर जुना एकमार्गी (मोनो) ध्वनी निवडा. भाषा मँडरिन किंवा कँटोनीज आणि खाली इंग्रजी ओळी. इंग्रजी डब गमतीसाठी दुसऱ्यांदा बघा.

सुरुवात मुलांबरोबर करायची असेल तर १९७८ चा ‘ड्रंकन मास्टर’. दिग्दर्शक यूएन वू-पिंग, म्हातारा गुरू झालाय तो त्यांचा वडीलच, आणि ‘मॅट्रिक्स’च्या लढती बसवणारेही हेच. दिग्दर्शक चांग चेह यांचे पट मोठ्यांसाठी राखून ठेवा, तिथे शेवटी नायकाची आतडी हातात येतात.

प्रश्न : कुंग फू मुळात भारतातून, बौद्ध भिक्षू बोधिधर्मांनी नेलं, हे खरं ना? (सांगली)

अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे, पण पुरावा तसं म्हणत नाही. बोधिधर्मांचं नाव व्यायामाशी जोडणारा ‘यीजिन जिंग’ हा ग्रंथ १६२४ चा, म्हणजे त्यांच्यानंतर हजारेक वर्षांचा, आणि त्याची प्रस्तावना बनावट आहे हे चिनी अभ्यासक तांग हाओ यांनी विसाव्या शतकातच दाखवलं. शाओलिनचे भिक्षू लढले याची जुनी नोंद मात्र पक्की आहे : इ. स. ६२१ मध्ये त्यांनी पुढे तांग सम्राट झालेल्या ली शिमिनला मदत केली, ते मठातल्या ७२८ च्या शिलालेखात कोरलेलं आहे. भारताचा खरा धागा हवा असेल तर तो आणखी मागे आहे. ४९५ च्या सुमारास हा मठ ज्यांच्यासाठी बांधला ते पहिले प्रमुख, बातुओ, भारतातून गेलेले भिक्षू होते. ते ध्यान शिकवत.

प्रश्न : खलनायक मेला की लगेच ‘समाप्त’. नायकाचं पुढे काय झालं ते दाखवत का नाहीत? (ठाणे)

कारण पुढचं सांगायला कुणी आलेलं नसतं. शेवटचा फटका, हवेत गोठलेली चौकट, त्यावर अक्षरं. १९७२ च्या ‘फिस्ट ऑफ फ्युरी’त तर ब्रूस ली बंदुकांच्या दिशेने झेप घेतो आणि चित्र तिथेच थिजतं, गोळ्यांचा फक्त आवाज येतो. वर ज्या लियांगशियांगबद्दल लिहिलं तोच हा, फक्त यानंतर पुढची लड नाही.